दोन साडूंचे टेबल

मी एक जुने टेबल आहे, टेबल टेनिसचे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्यांना 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणते. मनापासून म्हणत नाही. काल तुमच्यापैकीच कोणीतरी माझ्यावर ओले दप्तर आपटले आणि पुसायचे कष्टही घेतले नाहीत. कोणी ते मला ठाऊक आहे.

चष्म्याच्या दुकानामागच्या या खोलीत तुम्ही बारा जण दर रविवारी तीन वाजता शिकायला येता. चार वाजता ते दोन म्हातारे येतात आणि तुम्हाला बाजूला व्हावे लागते. परवा तुमच्यातल्या एकीने विचारले, "ताई, हे दोघे इतके रागावून का खेळतात?" ताईंनी "मनगट सैल ठेव," एवढेच सांगून वेळ मारून नेली. मी सांगते. मला कोणाची भीड नाही.

माझा जन्म एका छापखान्याच्या मागच्या अंगणात झाला. कामगारांना खेळायला काही दिले की ते संप करायचे विसरतात, असे छापखान्याच्या मालकाला कोणीतरी पटवले होते. त्याने सुताराला बोलावले. सुतार मोठा तिरसट माणूस. नऊ फूट लांब, पाच फूट रुंद, जमिनीपासून अडीच फूट उंच, हे माप ऐकून तो म्हणाला, "एवढ्या लाकडात दहा माणसं जेवायला बसली असती. आणि यावर काय करणार, तर चेंडू मारणार!" त्याने मला रंधा मारला तोही शिव्या घालत. पण काम असे चोख केले की आजही माझ्यावर चेंडू कुठेही टाका, सारखाच उसळतो. वर गडद हिरवा रंग दिला, पांढऱ्या रेघा ओढल्या आणि मला वरच्या मजल्यावर कागदाच्या रिमांमध्ये उभे केले.

जेवणाच्या सुट्टीत सगळेच माझ्यावर तुटून पडत. त्यांतला एकच खरा खेळाडू होता, तो जुळारी. छापखान्यात शिशाची अक्षरे हाताने जुळवणाऱ्याला जुळारी म्हणत. अक्षरे उलटी असतात, ती उलटीच वाचावी लागतात. म्हणून असेल, पण समोरच्याने चेंडू कसा फिरवला आहे हे तो बरोबर वाचायचा. माझ्यापासून दोन पावले मागे उभा राहायचा आणि आलेला प्रत्येक चेंडू खालून कापून परत धाडायचा. शेवटी मनगटाला एक बारीक झटका, शिशाच्या अक्षराचा खिळा खाचेत बसवावा तसा. तो चेंडू माझ्यावर पडला की मेल्यासारखा बसून जाई.

एके दिवशी पावतीपुस्तके छापून घ्यायला कोपऱ्यावरचा चष्मेवाला आला. खेळ पाहिला, पावतीपुस्तके विसरला, बाह्या सरसावल्या. त्याची तऱ्हा निराळी. माझ्या पोटाला पोट लावून उभा राहायचा आणि दिसेल तो चेंडू हाणायचा. एक हाणतोय, दुसरा परत पाठवतोय. चाळीस चाळीस फटके झाले तरी गुण संपत नसे. पुढे तो रोजच येऊ लागला. दोघांचे चांगलेच जमले. जुळाऱ्याची मेहुणी एकदा बहिणीच्या घरून डबा घेऊन आली, तेव्हा चष्मेवाला सर्व्हिस करायची विसरला आणि जुळाऱ्याने ते पाहिले. त्यानेच सासरी शब्द टाकला. थोरली बहीण जुळाऱ्याकडे होतीच, धाकटी चष्मेवाल्याकडे गेली. दोस्त होते ते साडू झाले.

लग्नाला दीड वर्ष झाले होते. छापखान्यात स्पर्धा लागली आणि शेवटचा सामना अर्थात या दोघांतच आला. त्या काळी डाव एकवीस गुणांचा असे. शेवटच्या डावात जुळारी वीस, चष्मेवाला एकोणीस. चाळीस कामगार रिमांवर चढून बसलेले. जुळाऱ्याने कापलेला चेंडू लांब गेला, माझ्या कडेवर घासला आणि खाली पडला.

नियम असा आहे की चेंडू वरच्या कडेला लागला तर गुण, खाली बाजूला लागला तर नाही.

"कड!" जुळारी ओरडला.

"बाजू!" चष्मेवाला ओरडला.

पंच होते छापखान्याचे मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्यांची हयात गेली होती, आणि नेमके त्याच क्षणी ते नाक शिंकरत होते. त्यांनी जवळ बसलेल्या दोघी बहिणींना विचारले. थोरली शहाणी. म्हणाली, "मला नाही बाई दिसलं." धाकटीच्या तोंडून निघून गेले, "लागला की. वरच लागला."

वरच लागला होता, मित्रांनो. केसभर, पण वरच. मला कळणार नाही तर कोणाला? आणि चष्मेवाल्यालाही ते दिसले होते. त्याची नजर नेमकी त्या जागेवर होती. तो खोटे बोलला.

जुळारी जिंकला होता. तिथे तो गप्प बसता तर काही बिघडले नसते. पण जिभेला हाड नसते. "बायकोला दिसलं आणि चष्मेवाल्याला नाही!" तो म्हणाला. "अरे, उद्या आधी स्वतःचा नंबर काढ, मग लोकांचे काढ!"

चाळीस माणसे खदाखदा हसली. चष्मेवाल्याने बॅट माझ्यावर ठेवली. बायकोला म्हणाला, "चल. या माणसाच्या घराची पायरी मी चढणार नाही, आणि तूही चढायची नाहीस. माझी शपथ आहे तुला."

लोकांना तेवढेच हवे असते. 'आंधळा चष्मेवाला' हे नाव दुसऱ्या दिवशी बाजारभर झाले. दुकानासमोरून जाताना लोक डोळे मिटून चाचपडत चालायचे सोंग करीत. आणि तिकडे पुढच्या वर्षी थोरलीचे मूल जन्मतःच गेले. धाकटी दवाखान्याच्या फाटकापर्यंत आली, शपथ आठवली, आणि तिथूनच परत फिरली. थोरलीने तिला खिडकीतून पाहिले होते. त्यानंतर थोरलीला मूल झाले नाही. मी या दोन साडूंपैकी कोणालाही माफ केलेले नाही.

पुढे छापखान्यात नवी यंत्रे आली. शिशाची अक्षरे गेली, जुळारी घरी बसला, सामान विकायला काढले. मला घ्यायला कोण यावे? चष्मेवाला! मला वाटले, चला, हा तरी खेळेल. कसले काय. हमालांकडून मला या खोलीत टाकून घेताना तो म्हणाला, "आता बघू कुठे खेळतो ते." एवढ्यासाठी मला आणले होते. माझ्या उजव्या कोपऱ्याला भोक पाडून त्याने काचा घासायचे यंत्र बोल्टने आवळले. उरलेल्या जागेवर फ्रेमांची खोकी. वर्षानुवर्षे काचेचे पाणी माझ्या अंगात मुरले. एक चेंडू नाही, एक आवाज नाही. दुष्टपणा करायचा तर माणसाने करावा. आमची लाकडाची जात त्यात फार मागे आहे.

त्या सामन्याला बावीस वर्षे झाली. मधल्या काळात चष्मेवाल्याला मुलगी झाली होती. तीच तुमची ताई. एकोणीस वर्षांची असताना तिने एका सकाळी पान्हा आणून यंत्र सोडवले, भोक बुजवले, खोकी उतरवली, जाळी बांधली आणि मला पुसून काढले.

"बाबा, खेळता?"

"माझं वय आहे का आता ते?" असे म्हणत तो आला. पहिले चार चेंडू जाळीत गेले. पाचवा मात्र त्याने जुन्या सवयीने हाणला. मुलगी दोन पावले मागे सरकली, खालून कापला, मनगटाला बारीक झटका दिला. चेंडू माझ्यावर येऊन मेल्यासारखा बसला. चष्मेवाल्याने तो उचललाच नाही.

"हा कट कोणी शिकवला तुला?"

"वाचनालयाच्या सभागृहात शिकले."

"मी कुठे ते नाही विचारलं. कोणी?"

मुलगी आईच्या वळणावर गेली होती, तिला खोटे येत नव्हते. "काकांनी. ते तिथे शिपाई आहेत. चार वर्षं जातेय मी, आईला ठाऊक आहे."

म्हणजे जुळारी परक्या टेबलावर खेळत होता, ही बातमी मला अशी कळली. मला काय वाटले ते सांगत नाही. चष्मेवाल्याचा चेहरा मात्र काळवंडला. "घरात सगळ्यांना सगळं ठाऊक, फक्त मला नाही," तो म्हणाला. "बोलाव त्याला. इथे, या टेबलावर. तुझ्यादेखत धूळ चारतो की नाही बघ."

जुळारी आला. केस पांढरे, पाठीला बाक, नाकावर जाडजूड दुहेरी काचेचा चष्मा. नमस्कार झाला नाही, बस म्हणणे झाले नाही.

"सर्व्हिस?"

"तुझी."

तो खेळ बघवत नव्हता. जुळारी हात घालायचा एकीकडे, चेंडू जायचा दुसरीकडे. दोन-दोनपर्यंत कसाबसा आला आणि मग नऊ-दोनवर खाली गेला. बावीस वर्षे ज्याची वाट पाहिली तो विजय चष्मेवाल्याच्या ओंजळीत पडत होता. आणि तो एकदम थांबला.

"चष्मा काढ."

"का?"

"काढ म्हणतो ना! कोणी दिला हा?"

"बाजारातल्या नव्या दुकानातून घेतला."

"तो गाढव, आणि तू त्याच्याहून मोठा. वरची काच लांबचं बघायला, खालची वाचायला. चेंडू खाली आला की वाचायच्या काचेत शिरतो आणि पुसट होतो. तू चेंडू मारतच नाहीयेस, नुसता हात फिरवतोयस. असल्याला हरवून मला काय मिळणार? ठोंब्या!"

"तुझ्याकडून चष्मा घेण्यापेक्षा मी असाच बरा."

"बस त्या खुर्चीत! नाहीतर नऊ-दोन गावभर सांगेन."

जुळारी बसला. चष्मेवाल्याने समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला आणि एकामागून एक काचा डोळ्यांपुढे धरल्या. "वाच." "नाही वाचत." "वाच रे!" असे करत करत जुळाऱ्याने पाच ओळी वाचल्या. सहाव्या ओळीला तो थांबला.

"दिसत नाही?"

"दिसतंय. जुळणी ढिली आहे. मधलं अक्षर वर उचललंय. कोणी केलं हे भिकार काम?"

"तू. तुमच्या छापखान्यातलाच तक्ता आहे."

मग चष्मेवाल्याने आकडे कागदावर लिहिले आणि म्हणाला, "आठ दिवसांनी ये. खेळायला एकाच नंबरची काच घालून देतो. मग हरलास की डोळ्यांचं नाव सांगायची सोय राहणार नाही."

आठ दिवसांनी जुळारी नवा चष्मा लावून मागे उभा राहिला, तीच जुनी दोन पावले. डाव एकवीसचाच ठरला. जुळारी एकवीस, चष्मेवाला अठरा! चष्मेवाल्याने बॅट भिरकावली, ती माझ्या पायाला लागली. "पुन्हा!" तो गरजला.

तेवढ्यात दारातला पडदा सरला. धाकटी आत आली. तिने थोरलीचा हात धरला होता. शपथ घालणाऱ्याला न विचारता ती स्वतः जाऊन बहिणीला घेऊन आली होती. दोघी रडत नव्हत्या. रडून झाले असावे.

"अहो, ती शपथ मी आज मोडली," धाकटी नवऱ्याला म्हणाली. मग जुळाऱ्याकडे वळली. "भाऊजी, तुमच्या एका वाक्यापायी आणि यांच्या एका खोट्यापायी माझी बावीस वर्षं गेली. माझ्या ताईचं मूल गेलं तेव्हा मी फाटकात उभी होते. माफी मागू नका, मला नको आहे ती. तुम्ही दोघांनी दर रविवारी इथे खेळायचं. चार वाजता. बोला, बोलू नका, एकमेकांचे गळे धरा, मला कर्तव्य नाही. पण खेळायचं. ताई येणार, मी चहा करणार, आणि आम्ही बोलत बसणार. ज्या रविवारी खेळ चुकेल, त्या रविवारी मी ताईकडे राहायला जाईन ती परत येणार नाही."

दोघांनी माना खाली घातल्या. जुळारी हळूच म्हणाला, "सर्व्हिस कोणाची?"

त्याला अठरा वर्षे झाली. एक रविवार चुकलेला नाही. दोघे गुणांपलीकडे बोलत नाहीत, तरी डाव संपल्यावर चष्मेवाला साडूचा चष्मा ओढून घेतो, काचा पुसतो आणि "हात आहेत की खुरं? किती ओरखडे पाडलेस!" म्हणून परत आदळतो. मागच्या वर्षी त्याच्या उजव्या हातातली ताकद हळूहळू गेली. दोन महिने तो रविवारी कसाबसा उजव्याने खेळला, एरवी डाव्या हाताने त्याने चेंडू भिंतीवर मारला, आणि मग तोच डावा हात घेऊन समोर उभा राहिला. जुळाऱ्याने पहिलाच चेंडू लांबच्या कोपऱ्यात कापून टाकला.

"लाज नाही वाटत?"

"सोपा दिला असता, तर तू मला बाहेर काढलं असतंस."

पुढचा चेंडू चष्मेवाल्याने असा हाणला, की मागे कुजबुजणाऱ्या दोघी बहिणीसुद्धा क्षणभर थांबल्या.

तेव्हा, मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसत जा. माझ्यावर रेलू नका, चढून बसू नका. माझा मागचा डावा पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठा घालू नका. सुतार बोलवा, तिरसट मिळाला तर उत्तम. जाळीची दोरी सैल झाली आहे, ती आजच आवळा. माझी दया येऊन नको. मी मोडले तर खेळ चुकेल, या घरातून दोन बायकांचे बोलणे कायमचे उठून जाईल, आणि ते मला चालणार नाही.

आता चेंडू गोळा करा आणि भिंतीकडे सरका. चार वाजत आले. दुकानाच्या पायऱ्यांवर जुळाऱ्याची काठी वाजते आहे.