विमानाच्या कॅसेटचं लेबल

हाशिमभाई कायमचा घरी येतोय असा फोन आला, तेव्हा नुजहतच्या हातून मोबाईल पडता पडता राहिला. सख्खा भाऊ इतक्या वर्षांनी सौदीहून परत येणार म्हटल्यावर बहिणीने खरं तर गल्लीभर साखर वाटायला हवी. पण तिची नजर थेट गेली ती कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीकडे.

त्या पेटीत हाशिमभाईचा जीव होता. टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट. तळहातात मावणाऱ्या, करड्या प्लास्टिकच्या, प्रत्येकीवर रंगीत चित्राचं लेबल. तो पहिल्यांदा दम्मामला ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून गेला आणि सुट्टीला येताना सोन्याऐवजी ही खेळणी घेऊन आला, तेव्हा अम्मीने कपाळावर हात मारून घेतला होता. भोरच्या बाजारात मिळायच्या त्या सगळ्या नकली, याच्या मात्र अस्सल जपानी. पुढे तो खेळ मागे पडला, पोरं कॉम्प्युटरकडे वळली, तरी हा गडी तिथल्या जुन्या सामानाच्या बाजारातून एकेक कॅसेट वेचून आणतच राहिला. पुण्याचा एक शौकीन मुद्दाम बघायला आला होता. तो म्हणाला, खेळ काय कुठल्याही कॅसेटवर खेळता येतो, पण असं मूळ लेबल शाबूत असलेली कॅसेट आता शोधून सापडत नाही. त्या दिवसापासून तर हाशिमभाई लेबलाकडे बघताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

आणि त्याचा राग म्हणजे काय सांगावं. तो ओरडणारा माणूस नव्हता, ओरडला असता तर बरं. तो माणूस तोडायचा. एका चुलतभावाने भजी खाऊन तेलकट अंगठा लेबलावर उमटवला, तर हाशिमभाई त्याच्या लग्नालाही गेला नाही.

नुजहतला भीती होती ती याचीच. नवऱ्याने टाकल्यावर ती लहानग्या गुलनाजला कडेवर घेऊन माघारी आली, तेव्हा अम्मी गेलेली होती आणि घर हाशिमभाईचं होतं. तो फोनवर एवढंच बोलला होता, "राहा खुशाल. माझी पेटी तेवढी जप." घराचं भाडं म्हणा, काही म्हणा, ते तेवढंच होतं. पेटी जपली नाही तर या घरात राहायचं कुठल्या तोंडाने, आणि इथून उठून जायचं तरी कुठं?

बरं, तिने जपली नव्हती असं कोण म्हणेल? फार जपली, तिथंच घात झाला. श्रावणातल्या ओलीने पेटीत शिरकाव केला आणि उघडून बघते तो कॅसेटवर बुरशीचा पांढरा थर. बुरशी दिसल्यावर घर सांभाळणारी बाई काय करते, तेच नुजहतने केलं. कोमट पाण्यात साबण कालवला, मऊ फडकं घेतलं आणि निगुतीने कॅसेट पुसायला बसली. बुरशी गेली. तिच्याबरोबर कागदही गेला. फडक्यावर रंगीत लगदा दिसला तेव्हा तिने फडकं टाकून दिलं. तीन कॅसेट खराब झाल्या होत्या, आणि त्यातली विमानाची, हाशिमभाईची सगळ्यात लाडकी, ती तर पार उघडीबोडकी झाली होती.

मग धावाधाव. एसटी स्टँडजवळ संजयचं रेडियमचं दुकान होतं. मोटारसायकलच्या नंबरप्लेटा आणि टेम्पोवरची नावं करून देणारा हा पोरगेला माणूस तसा हुन्नरी. त्याने नेटवरून तिन्ही चित्रं शोधली, कागद वाया जाऊ नये म्हणून एकाच स्टिकरवर आडवीउभी बसवून छापली, थिनरने जुना चिकटा काढला आणि ब्लेडने कोपरे गोल कापले. दोन लेबलं झकास बसली. तिसरं हातात घेतलं आणि नेमकी लाईट गेली. लोडशेडिंग. कॉम्प्युटर बंद.

"ताई, ह्यात वरची बाजू कंची?" संजयने लेबल दारातल्या उजेडात धरून विचारलं. अक्षरं सगळी जपानी. निळ्या रंगावर एक विमान, बाकी काही नाही.

"मला काय म्हाईत? त्यांच्या पेटीला म्या कवा हात लावला व्हता?"

"विमान हाय म्हनल्यावर वरच जानार की," संजय म्हणाला आणि त्याने नाक वर करून चिकटवून टाकलं. नुजहतलाही ते पटलं. न पटायला होतं काय?

हाशिमभाई आला. पुण्याहून भाड्याच्या गाडीने आला, दाराची चौकट धरून क्षणभर उभा राहिला आणि मग आत आला. नुजहतने पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणाला, "ठिव तितं." तिच्या तोंडाकडे त्याने नीट बघितलंही नाही. नजर कुठेतरी तिच्या कानाजवळून जात होती. नुजहतने तांब्या कोपऱ्यात ठेवला. याला कळलंय. कुणी सांगितलं? संजय बोलला असेल का कुणाजवळ?

जेवायला बसला तर ताटाभोवती हात फिरवून वाट्या चाचपल्या आणि रस्सा सतरंजीवर सांडला. नुजहतला वाटलं, हा रागाने वाट्या ढकलतोय. गुलनाजला मात्र त्याने जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून, गालावरून बोटं फिरवली. "लई मोटी झालीस गं," म्हणाला. भाचीवर माया आणि बहिणीशी दोन शब्द धड नाहीत, म्हणजे काय ते उघडच होतं. पेटीचं तर त्याने नावच काढलं नाही. नुजहतचा जीव टांगणीला लागला. चहा ठेवायची तर साखर विसरायची, आणि मग आठवायचं की तो तशीही साखर नको म्हणतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी नसरापूरच्या गॅरेजमधला माणूस एक जुनी जीप दारात उभी करून गेला.

"मी घेतलीया," हाशिमभाई म्हणाला. "आता परत जानार न्हाई. राजगड चढायला पुन्याची पोरं येत्यात, त्यांना मार्गासनीवरनं पालीला सोडायचं. गाडी चालवन्यापरास दुसरं येतंय काय मला? आज पयल्यांदा गुलनाजला आंबवड्याला नेतो, झुलता पूल दावतो." गुलनाजने ते ऐकलं मात्र, पळत जाऊन ती जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलीसुद्धा.

चहाचा कप ठेवून हाशिमभाई म्हणाला, "नुजहत, पेटी काड."

स्टुलावर चढून पेटी काढताना तिला वाटलं, आपण हिच्यासकट खाली पडलो तर बरं होईल. तिने पेटी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तो खिडकीशी सरकला. झाकण उघडलं. एकेक कॅसेट हातात घेऊन, बोटांनी उलटसुलट करून, उजेडात धरून तो नावं घेऊ लागला. पहिली झाली. दुसरी झाली. मग विमानाची आली.

ती त्याने बराच वेळ डोळ्यांसमोर धरली. नुजहत मनातल्या मनात अल्लाचा धावा करत होती.

"जशीच्या तशी ठिवलीस गं," हाशिमभाई म्हणाला. "ह्ये इमान बग. कसं सरळ खाली झेपावतंय. दर्यावर. म्या ही कॅसेट ह्या चित्रासाठी घेतली व्हती." त्याने लेबलावर बोट ठेवून वरून खाली ओढून दाखवलं.

नुजहतने बघितलं. विमान वर चाललं होतं. नाक वर, शेपूट खाली, संजयने चिकटवलं होतं तसं.

तिने भावाच्या डोळ्यांकडे बघितलं. ते लेबलाकडे होतेही आणि नव्हतेही. चौकट, तांब्या, रस्सा, गुलनाजच्या गालावरची बोटं, सगळं तिच्या ध्यानात आलं. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी तिला हायसं वाटलं. याला दिसतच नाही. आता याला कधीच कळणार नाही. घर राहिलं, छप्पर राहिलं. असं आपल्याला वाटावं याची तिला पुढे जन्मभर लाज वाटली.

बाहेर गुलनाजने जीपचा हॉर्न वाजवला.

"आलो, आलो," म्हणत हाशिमभाई उठला आणि खिशातून जीपची किल्ली काढून दाराकडे निघाला.

आता नुजहतला जी भीती वाटली, तिच्यापुढे गेल्या महिन्याभरातली भीती काहीच नव्हती. किल्ली हिसकावून घ्यावी? का म्हणून विचारलं तर काय सांगणार? तुम्हाला दिसत नाही म्हटलं, तर हे तुला कशावरून कळलं, असं तो विचारेल, आणि त्याचं उत्तर एकच होतं. ती धावत जाऊन दारात आडवी उभी राहिली.

"भाई, इमान वर चाललंय."

"काय?"

"लेबलावरचं इमान. तुमचं लेबल म्या साबनानं धुऊन घालवलं. ह्ये नवं हाय, संजयच्या दुकानातलं. आन आमी ते उलटं चिकटवलंय. तुमाला दिसलं न्हाई."

कॅसेट अजून हाशिमभाईच्या डाव्या हातात होती. त्याने अंगठा लेबलाच्या कडेवरून फिरवला, कोपऱ्यापर्यंत नेला, परत आणला. आता हा आपल्याला तोडणार, नुजहतला वाटलं. पण ती दारातून बाजूला झाली नाही.

"नजर किती गेलीया?" तिने विचारलं.

"मदलं समदं धुरकट हाय. कडंनं जरा दिसतंय." तो परत खिडकीशी जाऊन बसला. "साखरेनं खाल्लं. कंपनीला कळलं आन त्यांनी घरी धाडलं."

"आन तरी जीप घेतलीत?"

"रस्ता पाठ हाय म्हनलं. लेबलं पाठ हायत, तसा."

"भाई, रस्त्यात मानसं असत्यात."

मग खूप हळू, पेटीकडे तोंड करून त्याने विचारलं, "मला घरात बसवून खायाला घालशील तू?"

घर त्याचं होतं आणि तो तिला विचारत होता. तिने पुढे होऊन त्याच्या मुठीतून किल्ली काढून घेतली. त्याने मूठ आवळली नाही.

हॉर्न पुन्हा वाजला.

"जा, उतरव तिला," हाशिमभाई म्हणाला. "आन खोटं सांगू नगंस. मामाला दिसत न्हाई म्हनावं."

उंबऱ्यापाशी नुजहतने मागे वळून बघितलं. तो लेबल अंगठ्याने पुन्हा पुन्हा चाचपत होता, विमान कुठल्या बाजूला चाललंय ते हाताला लागतंय का बघत होता.