शब्द सत्यवतीचे

वालावलची सत्यवती दर गणेश चतुर्थीला फुगडीचं एक नवं गाणं रचायची. शेतातली कामं करता करता ओळी जुळवायची आणि संध्याकाळी सून वर्षाली त्या वहीत उतरवून घ्यायची. चाल आजीपणजीची, शब्द मात्र तिचे. वाडीतल्या बायका ते गाणं उचलत आणि तेवढ्यावर ती खूश असे.

२००५ च्या डिसेंबरात वर्षाली मालवणला बाजाराला गेली होती. बाजारातल्या एका व्हीसीडीच्या दुकानात टीव्हीवर शिरोड्याच्या बायका फुगडी घालत होत्या. गाणं ऐकून ती जागीच थांबली.

'एसटीडीच्या दारात गो, उभी कधीपासून गो,
घंटी वाजली शेजारणीची, माजी नाय अजून गो.'

तिने व्हीसीडी विकत घेतली. कव्हरवर छापलं होतं, 'गीत : पारंपरिक'.

घरी सत्यवतीने ते दोनदा पाहिलं. पहिल्यांदा तिला हसू आलं, शिरोड्यापर्यंत आपलं गाणं गेलं म्हणून. दुसऱ्यांदा तिने वर्षालीकडून कव्हर वाचून घेतलं. "माजा गाणा आसा ता," ती म्हणाली. "पारंपरिक म्हणजे कोणाचाच नाय, असाच ना गो?"

दोघी कुडाळला हरिश्चंद्र वकिलांकडे गेल्या. त्यांनी वही चाळली, कव्हर पाहिलं आणि ते हसले. "आपल्या पूर्वजांच्या वेळी एसटीडी बूथ होता, हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं, "चाल जुनी, ती सगळ्यांची. शब्द रचले त्या दिवसापासून तुमचे. नोंदणी नसली तरी हक्क जात नाही. पुस्तक असो, कॅसेट असो की कॉम्प्युटरवरची सीडी, कायदा तोच. फक्त आता नक्कल पाच मिनिटांत होते आणि कोणी केली ते कळत नाही. नोटीस पाठवू?"

सत्यवतीने थोडा विचार केला. "आधी मी बोलतंय त्या दुकानदाराशी."

दुकानदार गुरुप्रसाद तिशीतला होता; ती व्हीसीडी त्यानेच काढली होती. त्याने दोघींना स्टूल दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, माका खरांच म्हायत नव्हतां," तो म्हणाला. "शिरोड्याच्या बायकांका इचारलंय. त्येंनी सांगितल्यानी, सगळीच गातत."

वर्षालीने कव्हर उलटं करून त्याच्यापुढे धरलं. मागे ठळक अक्षरांत होतं, 'या सीडीची नक्कल करणे कायद्याने गुन्हा आहे.'

"ह्या कोणासाठी छापलास?" तिने विचारलं.

गुरुप्रसादने मग सगळं सांगून टाकलं. बाजारात सीडी आल्यावर आठच दिवसांत कोणीतरी तिच्या नकला काढून विकायला सुरुवात केली होती. त्याची दोन महिन्यांची मेहनत त्यात गेली होती. रागाच्या भरात त्याने दुसऱ्या खेपेच्या कव्हरवर ते वाक्य छापून घेतलं होतं.

"तुका जसा वायट वाटला, तसाच माका वाटला," सत्यवती शांतपणे म्हणाली. "गाणा बंद करू नको. माजा नाव घाल, आणि फुडच्या खेपेक आधी इचार."

वकिलांनी एका कागदावर करार लिहून दिला. शिल्लक कव्हरं गुरुप्रसादने बाजूला काढली आणि नवी छापली, 'गीत : सत्यवती, वालावल. चाल : पारंपरिक.' पहिली व्हीसीडी तो स्वतः वालावलला घेऊन आला आणि घावणे खाऊन गेला. नकला काढणारा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्याच्या सीडींवरही सहा महिन्यांत सत्यवतीचं नाव दिसायला लागलं, कारण तो कव्हरसुद्धा जसंच्या तसं उचलायचा. हे ऐकून ती खूप वेळ हसली.

पुढच्या चतुर्थीआधी शिरोड्याच्या बायकांनी तिला बोलावून घेतलं. तिसऱ्या कडव्यात त्या एक शब्द चुकीचा म्हणत होत्या. तिने तो दुरुस्त करून दिला, पदर खोचला आणि त्यांच्या फेरात शिरली.