नुसता पंखा

अभ्यास यशस्वी झाला म्हणून संशोधन संस्थेत धाकटीचं कौतुक चाललं होतं, आणि तिला मात्र ते ऐकवत नव्हतं. घरी सगळे तिला धाकटीच म्हणत. संस्थेत ती मॅडम. धुराने माणसाच्या फुप्फुसांचं काय होतं, हे शोधता शोधता तिचे केस पिकले. दादाला त्याचीही गंमत. तो बसडेपोत मेकॅनिक, जन्मभर इंजिनाखाली आडवा. म्हणायचा, "घरात डॉक्टर आहे, पण साधा ताप उतरवता येत नाही. विचारलं तर म्हणते, ताप का आला ते दहा वर्षांनी सांगते!"

हा अभ्यास म्हणजे आंधळी कोशिंबीरच होती. डेपोशेजारच्या घरांत हवा स्वच्छ करणारी यंत्रं ठेवायची. निम्म्यांत खरा फिल्टर, निम्म्यांत नुसता पंखा. दिसायला सारखी, आवाजही सारखा. कुणाच्या वाट्याला काय आलं हे घरच्यांना कळू द्यायचं नाही, आणि धाकटीलाही नाही. नाहीतर माणूस फुप्फुसं सोडून स्वतःच्या आशाच मोजत बसतो. लोक तिला दारात उभं करीनात, तेव्हा दादाच दारोदार फिरला. "बहीण आहे माझी, चोर नाही," असं सांगून त्याने माणसं गोळा केली आणि पहिलं यंत्र स्वतःच्या उशाशी ठेवलं.

दर महिन्याला धाकटी येऊन त्याला नळीत फुंकायला लावी. श्वासाचा आकडा उतरत चालला होता. त्याला अभ्यासातून बाहेर काढायची मुभा होती. मग खरं यंत्र विकत आणून ठेवता आलं असतं. पण आधीच बरीच घरं गळली होती, आणखी एक गळणं अभ्यासाला परवडणारं नव्हतं. ती विचारायची, "दादा, खरं सांग, बरं वाटतंय का?" तो म्हणायचा, "झकास! फिल्टरचंच यंत्र आलंय माझ्या वाट्याला." तिने ते मानलं. मानलं कसलं, डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. ते सोयीचं होतं.

हिवाळ्यात दादा गेला. अभ्यास संपल्यावर गुपित फुटलं, तेव्हा त्याचं यंत्र नुसता पंखा निघालं. फिल्टरच्या घरांत लोकांचा श्वास सुधारला होता, पंख्याच्या घरांत खालावला होता. दोहोंतला फरक जितका मोठा, तितका अभ्यास मोठा; आणि त्या फरकात दादा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पंख्याच्या घरांना शेवटी खरा फिल्टर द्यायचा, असं आधीच कबूल केलेलं होतं. बाकीच्या घरी संस्थेची माणसं गेली. दादाच्या घरी ती स्वतः गेली. वहिनीला कसं सांगायचं, ह्याची जुळवाजुळव तिने वाटभर केली होती, आणि उंबऱ्यात पाय ठेवताच सगळं विसरली.

वहिनी खोकत खोकत भाजी चिरत होती.

"वहिनी, आपल्या यंत्रात..." धाकटीने सुरुवात केली.

"नुसता पंखा होता. माहीत आहे," वहिनी म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात यांनी उघडून पाहिलं. हात स्वस्थ बसतात का त्यांचे? आत काही नाही बघून आधी हसले. मग होतं तसं बंद करून ठेवलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मी निघालेच होते सांगायला. तर म्हणाले, खबरदार! उघडलं असं कळलं, तर आपलं घर बाद करावं लागेल तिला. माझ्या शब्दावर लोक आलेत, आणि मीच पहिला पळू?" वहिनीने सुरी खाली ठेवली. "मला तुझा राग आहे. धाप लागलेली असताना ते झकास म्हणायचे, आणि तू मान डोलवायचीस. आकडे तर तुला दिसत होते ना गं? एकदा तरी दटावायचंस त्यांना."

धाकटीला माफी मागायला तोंड नव्हतं. ती भिंतीला टेकून रडली. वहिनीने तिला रडू दिलं, समजूत घातली नाही.

मग डोळे पुसून धाकटीने विचारलं, "लावू का फिल्टर?"

"आणलायस तर लाव."

तिने फिल्टर बसवला, यंत्र सुरू केलं. वहिनीने जेवण वाढलं आणि दादाच्या खोलीत धाकटीचंही अंथरूण घातलं. दोघी तिथेच झोपल्या.

सकाळी वहिनी चहा घेऊन आली आणि तिच्याशेजारी बसली.

"अगं, नवलच," ती सहज म्हणाली, "रात्रभर मला खोकला आला नाही."

आपण काय बोललो ते तिच्याही लगेच लक्षात आलं. तिने कप कसाबसा खाली ठेवला आणि ती हमसून हमसून रडू लागली.

कुणीतरी आपल्याला असं म्हणावं, यासाठी धाकटीने उभं आयुष्य घातलं होतं. तिने वहिनीला घट्ट धरलं. हे खोटं असतं, फिल्टरने काहीच होत नसतं, तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.