एका पंपात दोन औषधं

नेहमीप्रमाणे शनिवारी मंजुश्री बुलढाण्याहून डोणगावला माहेरी आली, तेव्हा तिचे वडील भगवानराव बांधावर उभे राहून एकाच पंपात दोन औषधं कालवत होते. एक कपाशी वाढवायचं टॉनिक, दुसरं कपाशीची वाढ थांबवायचं. दोन्ही जानरावांच्या कृषी केंद्रातली, दोन्ही जानरावांच्याच सल्ल्याने. जानरावांचा सल्ला नेहमी सढळ असे. एका रोगाची तक्रार घेऊन आत गेलेलं गिऱ्हाईक पिशवीभर औषधं घेऊन बाहेर पडे, आणि एवढा मोठा रोग आपल्याच शेतात आला याचा त्याला थोडा अभिमानही वाटे.

मंजुश्री कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. एका पेशीला एकाच वेळी अनेक रासायनिक निरोप आले तर ती काय करते, हाच तिच्या पीएचडीचा विषय होता. त्या विषयाचा असा धडधडीत अपमान समोर चाललेला पाहून ती बांधावरच बसली.

"बाबा, एक औषध वाढ म्हणते, दुसरं थांब म्हणते. पेशीनं ऐकावं कोणाचं?"

"तुह्या मायचं अन् माहं संगंसंगं ऐकूनच शिकली ना तू एवढी?"

मग तिने समजावून सांगितलं. पेशीच्या अंगावर प्रत्येक निरोपासाठी वेगळं दार असतं. पण आत शिरलेले निरोप वेगवेगळ्या खोल्यांत बसून राहत नाहीत. ते एकमेकांना भेटतात. एक दुसऱ्याचा आवाज दाबतो, कधी दोघं मिळून तिसरंच काही घडवतात. पाणी किती, ऊन किती, हेही त्यात धरलं जातं, आणि सगळ्याचा मेळ लागून एक निर्णय होतो. ही दोन औषधं एकत्र मारली तर एकाचं केलेलं दुसरं पुसून टाकणार.

भगवानरावांच्या हातातली काडी थांबली. "मंग आतमंदी फैसला कोन करते? सरपंच असते का तिच्यात?"

"सरपंच नसते, बाबा. सगळ्याईचं मिळून ठरते."

"सरपंच नाही, अन् तरी काम होते." त्यांनी गावाकडे एकदा पाहून घेतलं. "हे इथं कोनाले सांगजो नको, माय."

आणि त्यांनी पंप पाठीवर घेतला. कालवलेलं फेकायचं का, असा त्यांचा सवाल होता. मंजुश्रीला त्यांना आणखीही काहीतरी सांगायचं होतं. कपाशीबद्दल नाही, दुसरंच. बऱ्याच शनिवारांपासून ते ओठांवर येऊन परत जाई. ती म्हणाली, "तोंडाले रुमाल बांधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा गाळून ओट्यावर आली, तोवर भगवानराव भिंतीला टेकल्या टेकल्या गेलेले होते. डॉक्टरांनी हृदयाचा झटका सांगितला.

मंजुश्रीला भाऊ नव्हता. अग्नी तिनेच दिला. चिता पेटली आणि रिवाजाप्रमाणे तिथेच शोकसभा सुरू झाली. कोणाच्या तरी गाडीतून माइक निघाला. असा माइक गाडीत ठेवून फिरणारी माणसं आपल्याकडे असतात. एका वक्त्याने मुलीने अग्नी दिला याबद्दल गावाचं अभिनंदन केलं. दुसऱ्याने भगवानरावांवर सुरुवात करून येत्या निवडणुकीवर शेवट केला. कॉलेजचे प्राचार्य आले होते. त्यांनी मंजुश्रीच्या संशोधनाचा गौरव केला आणि विषय चुकीचा सांगितला.

मग जानराव उठले. भगवानराव कसे प्रयोगशील होते, हे त्यांनी गहिवरून सांगितलं. मुलगी शास्त्रज्ञ, म्हणजे घरातच प्रयोगशाळा. आपल्या दुकानातलं प्रत्येक औषध ते लेकीच्या सल्ल्यानेच मारत. कालची फवारणीसुद्धा तशीच. येत्या हंगामात दुकानाच्या पाटीवर त्यांचा फोटो लावायचा मानस आहे, आणि मॅडमनी याविषयी शास्त्रीय दोन शब्द बोलावेत.

माइक तिच्या हातात आला. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, बोल बाई, मोकळं वाटेल. कोणी म्हणालं, नको, तिला त्रास देऊ नका. गप्प बसली असती तर जानरावांचं खरं ठरलं असतं. बोलली असती तर बापाला चितेसमोर चूक म्हणावं लागलं असतं.

"जानराव काका," ती शांतपणे म्हणाली, "बाबांनी माझा एकही सल्ला कधी मानला नाही. कालची दोन्ही औषधं वाया गेली. ती वाया जाणार, हे मी त्यांना बांधावर बसून सांगितलं होतं. पाटीवर लावायचंच असेल तर हे लावा."

माणसं चुळबुळली. प्राचार्यांना आपली गाडी कुठे उभी आहे ते आठवलं. मंजुश्रीने माइक जवळच्या माणसाकडे दिला आणि चितेकडे वळली. आता तिला कोणाला ऐकू जायला नको होतं, पण जवळच्यांना गेलंच.

"बाबा, कॉलेजात पोरं मले एकच इचारतात, हे परीक्षेले हाये का. फैसला कोन करते, हे तुमीच इचारलं. मानलं नाही तुमी काहीच. पन ऐकलं फक्त तुमी. मी दर शनवारी त्याच्यासाठीच येत होती."