झुलालची उलटी गाडी

धरणगावच्या झुलालची दोन लग्नं हळद लागून मोडली होती. तिसरं पहूरला होतं, गोरज मुहूर्तावर. या वेळी मांडवात पोचलो नाही तर जन्मभर बिनलग्नाचे राहू, अशी त्याने धास्तीच घेतली होती. घरच्यांनी तर कधीच हात टेकले होते.

त्यात आदल्या दिवशी जळगावात त्याच्या जुनाट मॅटाडोरने दगा दिला. मगन मिस्तरीने क्लचप्लेट नवी टाकली, गिअरबॉक्सचे झिजलेले दातेरी चक्र बदलले आणि, कोणी सांगितलं नसताना, मागच्या चाकांमधला, चाकं फिरवणारा डिफरन्शियलही खोलला. त्यातलं मोठं चक्र पठ्ठ्याने उलट्या बाजूने बसवलं. लग्नाच्या दुपारी मगनच्या दारातच वऱ्हाड भरून झुलालने पहिला गिअर टाकला, तर गाडी मागे गेली. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे मागेच. पुढे जायला उरला फक्त रिव्हर्स, आणि त्यात गाडी नुसती रांगायची.

"परत खोलतो, उद्या घेऊन जा," मगन म्हणाला.

झुलालने गाडीची पाठ पहूरकडे केली, मुंडावळ्या कानामागे खोचल्या, खिडकीतून मान बाहेर काढली आणि वऱ्हाड उलटं नेलं. बायका गाणी म्हणता म्हणता ओकत होत्या.

पहूरच्या वेशीवर गाडीचं तोंड गावाबाहेर बघून मुलीकडच्यांची बोबडीच वळली. नवरदेव रुसून माघारी चालला! रुसलेल्या जावयाची समजूत काढणं हे सासऱ्याचं कामच. मुलीचे वडील गिरधरनाना धावत बॉनेटपुढे आले आणि बंपरला लटकले. झुलालला गाडी थांबवावी लागली.

"जावाईबापू, रुसू नका! घड्याळ देतो, रेडिओ देतो!"

आयतं मिळत असताना झुलालचे काका रुपचंद कसले गप्प बसतात?

"सायकल बी पाहिजे," ते आतून म्हणाले.

सायकल हिरवी की काळी, यावर घासाघीस सुरू झाली. तिकडे सूर्य टेकला. झुलालचा धीर सुटला. त्याने पहिला गिअर टाकला.

"चालला, चालला!" म्हणत नाना बॉनेटपुढे रस्त्यावर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. गाडी त्यांच्यापासून लांब लांब गेली ती थेट मांडवाच्या दारात थांबली.

अंतरपाट धरला, नवरी कुंदा हार घेऊन उभी राहिली, आणि तिचा बापच सापडेना. झुलाल धावत परत वेशीवर गेला. नाना तसेच आडवे होते. त्याने त्यांना उठवलं, धोतर झटकलं.

नानांच्या डोळ्यांना धार लागली होती. "खरंच चालले होते ना तुम्ही?"

झुलालने त्यांचा हात धरला. "मामा, माघारे जावाले या गाडीले एकच गिअर शे. तुमनाकडे येवाले चार शेतस."