आकडा परत येतो

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. जो तो मोबाइलवर भागाकार करत होता आणि मधूनच कुणीतरी "आला! आला!" म्हणून ओरडत होतं.

"मी हात लावत नाही हो," अंकबाबा मंचावरून म्हणाले. "रोग्याच्या केसपेपरचे शेवटचे तीन आकडे घ्या. शेजारी तेच पुन्हा लिहा. एक देहाचा, एक आत्म्याचा. साताने भागा, रोग सुटला. अकराने भागा, भोग सुटला. तेराने भागा. हातात काय आलं? तुमचंच माणूस!"

आत्म्यालाही केसपेपर असतो, हे कुणालाच खटकलं नाही.

गर्दीतल्या एका शिंप्याने २७४२७४ भागलं. २७४ परत आले तेव्हा त्याच्या डोळ्यांना धार लागली. त्याच्या बायकोला क्षय होता. औषधांनी खोकला कमी झाला होता, पण गोळ्या मध्येच सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा म्हणाले, "आकडा आला की गोळ्या बंद. दोन दगडांवर पाय नको."

शिंप्याची थोरली बहीण शाळेत गणित शिकवायची. भावाने गोळ्या बंद केल्याचं ऐकल्याबरोबर ती तडक त्याच्या दुकानात आली आणि त्याच्याच खडूने कापडावर मांडू लागली. "अरे, तीन आकडे दोनदा लिहिणं म्हणजे त्यांना एक हजार एकने गुणणं. सात, अकरा, तेरा यांचा गुणाकारही एक हजार एकच. आधी गुणलंस, मग तितक्यानेच भागलंस. परत येईल नाही तर काय?"

"पण ताई, भागाकार मी माझ्या हाताने केला. त्यात लबाडी कुठे?"

"भागाकारात नाहीच रे! त्याचा हिच्या फुप्फुसांशी संबंध काय?"

त्याने कापडावरचा खडू झटकून टाकला. पालथ्या घड्यावर पाणी. दुकानातच बसलेली भावजयही हसून म्हणाली, "मला खरंच बरं वाटतंय हो, ताई."

पुढे खोकला उलटला, रक्त पडू लागलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण फार उशीर झाला होता. भावजय गेली. ताई धाय मोकलून रडली. आपलं गणित बरोबर होतं, याचाच तिला तिटकारा आला.

काही दिवसांनी भाऊ सभागृहाकडे निघाला. ताई घाबरून मागोमाग गेली.

बाबांनी त्याला ओळखलं. "मनात शंका आली असेल. फळ गेलं."

"शंका ताईला होती. मी डोळे मिटून विश्वास ठेवला." तो लोकांकडे वळला. "सकाळी पुन्हा तिचाच आकडा भागला. ती गेली, तरी तो परत येतो. जित्यासाठी येतो, मेल्यासाठीही येतो. ताई, सांग यांना."

ताईने एक हजार एकचं गणित सांगितलं. बाबा माइक चाचपत राहिले.

पुढच्या रांगेतली एक बाई उठली. "यांच्या गोळ्या मी कालच बंद केल्या. आता काय करू?"

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा," भाऊ म्हणाला. "संख्या खरी, भागाकार खरा. पण त्याने आजार बरा होतो कसा, हे मी विचारलंच नाही. तुम्ही विचारा. घरचं माणूस जिवंत आहे तोवर विचारा."