आईच्या आजाराचं निमित्त

योगेंद्रनं कारखान्यात आई आजारी असल्याचं सांगितलं, तेव्हा त्याची आई मालूबाई बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यातल्या घरी, पापड लाटत होती.

पिथमपूरच्या त्या कारखान्यात इंजिनं जोडणारे ऐंशी कामगार होते. आता गाड्या बॅटरीवर चालणार म्हणून इंजिन विभाग बंद होणार होता. नव्या कामावर यायचं तर कॉम्प्युटरवर इंग्रजीतून परीक्षा द्या, असं कंपनी म्हणाली. युनियननं ठरवलं, सगळ्यांना नवं काम शिकवल्याशिवाय कुणीच परीक्षेला बसायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. योगेंद्रनंही केला. शेजारीच सुकलाल उभा होता, बुऱ्हाणपूरजवळच्या धूलकोटचा. बारा वर्षांपूर्वी त्यानंच योगेंद्रला काम शिकवलं होतं.

आणि रजा टाकून योगेंद्र गुपचूप परीक्षेला बसला. पासही झाला.

पुढच्या रविवारी तो घरी आला, तर आई म्हणाली, "तुझा धूलकोटवाला दोस्त आलता. गावी सुट्टीवर होता म्हणे. मला पाहून दारातच थबकला. विचारतो, मौसी, तबियत कशी आहे? म्हटलं, मला काय धाड भरलीय!"

"मग?"

"मग काही नाही. केळी ठेवली अन् गेला. चहालाही थांबला नाही."

योगेंद्रची कानशिलं तापली. जेवण तसंच टाकून त्यानं धूलकोटची बस धरली.

सुकलालनं त्याला बघून खाट टाकली.

"दादा, मी परीक्षा दिली."

"माहीत आहे. युनियनच्या तक्रारीवर कंपनीनं लेबर ऑफिसात लिहून दिलंय, कामगार आपल्या मर्जीनं बसतायत. नाव तुझंच दाखवलंय."

"शिव्या द्या मला."

"त्यानं काय होणार? उद्या तारीख आहे. सगळ्यांनी नाही म्हटलं होतं, तू चोरून बसलास, एवढं सांगशील?"

योगेंद्रनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी लेबर ऑफिसच्या भरल्या खोलीत तो बोलला, पण खाली बघत, पुटपुटत.

"मोठ्यानं सांगा, लिहून घ्यायचंय," अधिकारी म्हणाले.

मग तेच सगळं, आईच्या खोट्या आजारासकट, त्याला पुन्हा सांगावं लागलं. अधिकाऱ्यांनी कंपनीला परीक्षा थांबवून युनियनशी बोलणी करायला लावली.

बाहेर टपरीवर सगळे कामगार जमले. त्यांच्यातल्या चंदननं हाक मारली, "योगेंद्रभाई, चाय घे ना."

ते त्याच्या तोंडावर थुंकले असते तर सोपं गेलं असतं. त्यानं ग्लास घेतला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला.